वंडरवॉल म्युझिकचे मुंबईतील ध्वनिमुद्रण

'वंडरवॉल म्युझिक' हा बीटल्स या इंग्लिश रॉक संगीतसमूहाचे गिटारवादक आणि गीतकार जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) यांचा पहिला स्वतंत्र अल्बम होय. जो मॅसट दिग्दर्शित 'वंडरवॉल' या चित्रपटाचे पार्श्वसंगीत म्हणून तो तयार करण्यात आला. अल्बमचा पाश्चात्त्य वळणाचा भाग लंडनमध्ये, तर भारतीय वाद्यांचा बहुतेक भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागातील एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहात ध्वनिमुद्रित झाला. याच मुक्कामात बीटल्सच्या 'द इनर लाइट' या गीताचे वाद्यसंगीतही मुद्रित करण्यात आले. बीटल्सच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या एखाद्या गीताचे वाद्यसंगीत भारतात मुद्रित झाल्याचे हे एकमेव उदाहरण आहे.

या घटनेनंतर बरोबर एका वर्षाने, जानेवारी १९६९ मध्ये, लंडनमध्ये नव्या अल्बमची तयारी करणाऱ्या बीटल्सचे कित्येक तासांचे चित्रीकरण झाले आणि त्यातून पुढे 'लेट इट बी' (१९७०) व 'द बीटल्स: गेट बॅक' (२०२१) हे माहितीपट निघाले. मुंबईतील कामाचा असा माहितीपट नाही. त्यामुळे तेथे काय घडले याची माहिती मुख्यतः तीन ठिकाणांहून मिळते: प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, तबकडीच्या वेष्टणावर छापलेली वादकांची नावे आणि हॅरिसन यांनी नंतर सांगितलेल्या आठवणी.

पार्श्वभूमी

हॅरिसन यांनी सतार प्रथम वाजवली ती 'नॉर्वेजियन वुड' (१९६५) या गीतात. त्यानंतरच्या 'लव्ह यू टू' (१९६६) आणि 'विदिन यू विदाउट यू' (१९६७) या गीतांची घडण मुख्यतः भारतीय वाद्यांवर उभी होती. त्यांसाठी लंडनच्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेशी संबंधित वादकांना बोलावण्यात आले होते. 'लव्ह यू टू'मध्ये तबला वाजवणारे अनिल भागवत यांचे नाव 'रिव्हॉल्व्हर' या अल्बमच्या वेष्टणावर छापले गेले. 'विदिन यू विदाउट यू'मधील भारतीय वादकांच्या वाट्याला मात्र हे श्रेय आले नाही. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा व नटवर सोनी ही नावे सर्वसामान्य श्रोत्यांपुढे आली ती अल्बमच्या पन्नाशीच्या सुमारास, २०१७ मध्ये. वादकांच्या श्रेयाचा हा प्रश्न मुंबईतील ध्वनिमुद्रणाच्या बाबतीतही महत्त्वाचा आहे.

मुंबई हॅरिसन यांना नवी नव्हती. सप्टेंबर १९६६ मध्ये ते पं. रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी येथे आले आणि ताजमहाल हॉटेलात टोपणनावाने उतरले. ओळख फार दिवस लपली नाही. हॉटेलबाहेर चाहत्यांची गर्दी जमू लागल्यावर त्यांना पत्रकार परिषद घेऊन आपण येथे संगीत शिकण्यासाठी आलो आहोत, असे सांगावे लागले. पुढे गुरुशिष्य काश्मीरला गेले. या काळात रविशंकर यांचे शिष्य, सतारवादक शंभू दास यांच्याशी हॅरिसन यांचा स्नेह जुळला. रविशंकर यांनी १९६२ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या 'किन्नर' या संगीतशाळेच्या कामात दास यांचा सहभाग होता. हीच ओळख १९६८ मध्ये उपयोगी पडली.

'वंडरवॉल' या चित्रपटाचे कथानक विक्षिप्त आहे. एक एकलकोंडा वैज्ञानिक (जॅक मॅकगोव्हरन) भिंतीला पडलेल्या छिद्रातून शेजारी राहणाऱ्या तरुणीचे (जेन बर्किन) जग न्याहाळत राहतो. संवाद अत्यल्प असल्यामुळे संगीताला मोठा वाव होता. मॅसट यांनी हॅरिसन यांना पूर्ण मोकळीक दिली होती. जे संगीत तयार होईल ते चित्रपटात घेऊ, असे त्यांचे आश्वासन होते. पाश्चात्त्य श्रोत्यांना भारतीय संगीताची चुणूक देण्याची ही संधी आहे, असे हॅरिसन यांनी मानले. त्यांची कामाची रीत साधी होती. चित्रपट पाहताना प्रत्येक प्रसंगाची लांबी थांबघड्याळाने मोजायची, ती लिहून घ्यायची आणि ध्वनिमुद्रणगृहात तेवढ्याच लांबीचा तुकडा बसवायचा. हिंदी चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात मुरलेल्या मुंबईच्या वादकांना सेकंदांच्या हिशेबाने वाजवणे अपरिचित नव्हते.

मुंबईची निवड

लंडनमध्ये भारतीय वादक मिळत असत. पण सनई, संतूर, सरोद, सुरबहार, तारशहनाई आणि पखवाज यांचे तयारीचे वादक एकाच वेळी एकाच शहरात मिळणे तेथे कठीण होते. मुंबईत ते सहज शक्य होते. आकाशवाणीचे केंद्र, चित्रपटांची ध्वनिमुद्रणे आणि शास्त्रीय मैफली या तिन्हींमुळे देशाच्या निरनिराळ्या भागांतील वादक या शहरात स्थिरावले होते किंवा वरचेवर येत असत. सकाळी आकाशवाणीवर राग वाजवणारा कलावंत दुपारी चित्रपटगीतासाठी चार ओळींचा तुकडा वाजवी, आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नसे.

दुसरी सोय व्यावसायिक होती. बीटल्सच्या तबकड्या ई.एम.आय. ही कंपनी काढत असे. 'हिज मास्टर्स व्हॉइस' या नावाने भारतात तबकड्या काढणारी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया (आजची सारेगामा) ही त्याच समूहातील होती. त्यामुळे ध्वनिमुद्रणगृह, तंत्रज्ञ आणि वादकांशी संपर्क ही सर्व व्यवस्था कंपनीमार्फत होऊ शकली. कंपनीच्या कलावंत विभागाचे प्रमुख विजय दुबे आणि शंभू दास यांनी वादक जमवण्याचे काम केले.

ध्वनिमुद्रणगृह आणि यंत्रे

एच.एम.व्ही.चे ध्वनिमुद्रणगृह सर फिरोजशहा मेहता मार्गावरील युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत होते. हा भाग बँका, विमा कंपन्या आणि पेढ्यांचा. ध्वनिमुद्रणगृह कचेऱ्यांच्या वरच्या बाजूला होते आणि बाहेरचा आवाज अडवण्याची व्यवस्था पुरेशी नव्हती. नीट कान देऊन ऐकल्यास काही भारतीय तुकड्यांत खालून जाणाऱ्या टॅक्सींचा आवाज ऐकू येतो, असे हॅरिसन यांनी सांगितले आहे. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पावलांचा आवाज इतका होई की काम थांबवावे लागे.

यंत्रांची स्थितीही बेताची होती. मुंबईत केवळ एकमार्गी (मोनो) ध्वनिमुद्रक यंत्र उपलब्ध होते. हॅरिसन यांच्या आठवणीनुसार कंपनीचे प्रमुख भास्कर मेनन यांनी त्यांच्यासाठी कोलकात्याहून दोन मार्गांचे स्टिरिओ यंत्र आगगाडीने आणले. कोलकाता ते मुंबई हे अंतर आणि त्या काळच्या ध्वनिमुद्रक यंत्राचे वजन लक्षात घेतले, तर हे सौजन्य लहानसहान नव्हते. याच मेनन यांनी १९७१ पासून अमेरिकेतील कॅपिटॉल रेकॉर्ड्स या कंपनीची धुरा सांभाळली आणि पुढे ई.एम.आय.च्या जगभरातील संगीतव्यवसायाचे प्रमुखपद भूषवले.

दोन मार्गांच्या यंत्रावर काम करण्याचा अर्थ असा की वाद्यांच्या आवाजाचे परस्परांशी प्रमाण वाजवतानाच ठरवावे लागते. सनई मोठी झाली किंवा तबला दबला, तर नंतर तो एकटा कमीजास्त करता येत नाही; सर्वांनी पुन्हा वाजवणे हाच उपाय उरतो. लंडनच्या ॲबी रोड ध्वनिमुद्रणगृहात तेव्हा चार मार्गांची यंत्रे वापरात होती आणि एका गीतावर कित्येक दिवस थर चढवण्याची बीटल्सना सवय झाली होती. मुंबईत सर्व काही तेथल्या तेथे ठरवावे लागले. हॅरिसन यांना ही पद्धत आवडली होती. या मर्यादेचा परिणाम संगीतात ऐकू येतो. भारतीय तुकडे एका खोलीत एकत्र बसून वाजवल्यासारखे वाटतात, कारण ते तसेच वाजवले गेले होते.

वादक आणि रचना

हॅरिसन ७ जानेवारी १९६८ रोजी मुंबईस निघाले आणि ९ जानेवारीपासून काही दिवस काम चालले. तबकडीवर नोंदवलेल्या वादकांत सरोदवादक आशिष खाँ हे प्रमुख होत. ते उस्ताद अली अकबर खाँ यांचे पुत्र आणि मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे नातू. तबला आणि पखवाज महापुरुष मिश्र यांनी वाजवला. ते अली अकबर खाँ यांचे नेहमीचे साथीदार होते. संतूरवादक शिवकुमार शर्मा तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. एच.एम.व्ही.ने काढलेली त्यांची, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका त्याच सुमाराची आहे. सतारीवर शंभू दास व शंकर घोष यांच्यासह तिघे, सुरबहारवर चंद्रशेखर, बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा आणि हार्मोनियम व तबलातरंग यांवर रिजराम देसाड अशी इतर मंडळी होती. सनईवादकांची जोडी शरद आणि हनुमान यांची.

तारशहनाई हे वाद्य मराठी वाचकांना नावाने परिचित असले तरी पुष्कळदा त्याबद्दल गैरसमज होतो. ते फुंकून वाजवण्याचे वाद्य नाही. इसराज या गजाने वाजवायच्या तंतुवाद्याला ध्वनिपेटीसारखा पडदा आणि धातूचा लहान कर्णा जोडला की त्याचा स्वर सनईसारखा अनुनासिक होतो, म्हणून हे नाव पडले. जुन्या हिंदी चित्रपटांतील दुःखाच्या प्रसंगी ऐकू येणारा, रडण्याच्या जवळ जाणारा स्वर बहुधा याच वाद्याचा असतो. हॅरिसन यांनीही त्याचा उपयोग त्याच कामासाठी केला. 'क्राइंग' हा जेमतेम मिनिटाचा तुकडा म्हणजे व्होरा यांची तारशहनाईच आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रूढ झालेला हा संकेत एका इंग्लिश चित्रपटात असा जसाच्या तसा गेला.

अल्बममधील एकूण १९ तुकड्यांपैकी मुंबईत घडलेले तुकडे स्वभावाने निरनिराळे आहेत. 'तबला अँड पखवाज' हा केवळ तालवाद्यांचा. 'गुरुवंदना'मध्ये सनईचा मंगल स्वर आहे. 'इन द पार्क'मध्ये सुरबहारचा खर्ज आणि संतूरचे टिपके यांचा मेळ घातला आहे. 'गत किरवाणी' ही किरवाणी रागातील द्रुत गत असून तीत सरोद आणि सतार एकमेकांमागे धावतात; मैफलीत अर्धा तास रंगणाऱ्या प्रकाराचा हा छोटासा अर्क म्हणता येईल. 'लव्ह सीन'मध्ये आशिष खाँ यांनी स्वतःच्याच सरोदवादनावर दुसरे सरोदवादन चढवले आहे, त्यामुळे दोन प्रेमिकांचा संवाद चालल्याचा भास होतो. दोन मार्गांच्या यंत्रावर इतके करणे शक्य होते आणि ते येथे नेमकेपणाने साधले आहे.

अल्बममधील रचनांचे श्रेय हॅरिसन यांच्या नावावर आहे. पाश्चात्त्य प्रकाशनव्यवहाराच्या दृष्टीने यात गैर काही नाही, कारण कल्पना, प्रसंगाची निवड, लांबी, वाद्ययोजना आणि निर्मिती त्यांची होती. मात्र हिंदुस्थानी संगीतात रागाचे नाव आणि भाव सांगितल्यावर वादक जे वाजवतो ते आयत्या वेळी त्याच्या तालमीतून आणि प्रतिभेतून आलेले असते. किरवाणीतील गत किंवा पखवाजाचे बोल हे हॅरिसन यांनी कागदावर लिहून दिलेले संगीत नव्हे. 'रचनाकार' हा शब्द दोन्ही परंपरांत एकाच अर्थाने चालत नाही, आणि या अल्बममध्ये ही अडचण ठळकपणे दिसते.

द इनर लाइट

चित्रपटाचे काम आटोपत आल्यावर उरलेल्या वेळात हॅरिसन यांनी याच वादकांपैकी काहींना घेऊन एका नव्या गीताचे वाद्यसंगीत मुद्रित करून घेतले. गीताचा आशय 'ताओ ते चिंग' या चिनी ग्रंथाच्या ४७ व्या प्रकरणावर आधारलेला आहे. केंब्रिज येथील संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांनी हे प्रकरण त्यांना सुचवले होते. चिनी आशय, इंग्रजी शब्द आणि मुंबईतील हिंदुस्थानी वाद्ये असा हा तिपेडी प्रकार असूनही गीत सहज आणि लहान आहे. बासरीवादकांत हरिप्रसाद चौरसिया यांचे नाव या गीताच्या संदर्भात घेतले जाते.

गायन लंडनमध्ये झाले. ६ फेब्रुवारी रोजी हॅरिसन यांचा आवाज आणि ८ फेब्रुवारी रोजी जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांची साथ मुद्रित झाली. १५ मार्च १९६८ रोजी 'लेडी मॅडोना' या गीताच्या तबकडीची दुसरी बाजू म्हणून हे गीत बाजारात आले. बीटल्सच्या एकल-गीत तबकडीवर हॅरिसन यांचे गीत येण्याची ही पहिलीच वेळ होती. तबकडी प्रसिद्ध झाली तेव्हा हॅरिसन आणि लेनन ऋषिकेशला महर्षी महेश योगी यांच्या आश्रमात होते.

प्रकाशन

लंडनमधील भागात रेमो फोर हा लिव्हरपूलचा समूह, एरिक क्लॅप्टन आणि रिंगो स्टार यांनी वादन केले. शेवटच्या दोघांची नावे टोपणनावांनी दिली आहेत. पाश्चात्त्य वाद्यांच्या मांडणीस जॉन बारहॅम यांचे साहाय्य होते. संगीतासाठी ठरलेला खर्च ६०० पौंडांचा होता. प्रत्यक्षात तो सुमारे १५,००० पौंडांवर गेला आणि वरची रक्कम हॅरिसन यांनी स्वतः सोसली.

चित्रपट मे १९६८ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. अल्बम १ नोव्हेंबर १९६८ रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित झाला. बीटल्सच्या स्वतःच्या 'ॲपल' या कंपनीची ही पहिली मोठी तबकडी आणि बीटल्सपैकी कोणाही एकाच्या नावावर निघालेला पहिला अल्बम. तरीही तो काहीसा दुर्लक्षित राहिला. तीन आठवड्यांनी बीटल्सचा दुहेरी 'व्हाइट अल्बम' आला आणि सर्वांचे लक्ष तिकडे गेले. ब्रिटनच्या यादीत या अल्बमला स्थान मिळाले नाही. अमेरिकेत तो ४९ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. ओअॅसिस या समूहाचे 'वंडरवॉल' (१९९५) हे गीत आज मूळ अल्बमपेक्षा कितीतरी अधिक लोकांना ठाऊक आहे. त्याचे नाव याच अल्बमवरून घेतलेले आहे. २०१४ च्या पुनर्प्रकाशनात मुंबईत मुद्रित झालेल्या 'द इनर लाइट'च्या वाद्यसंगीताचा एक वेगळा प्रयत्नही समाविष्ट करण्यात आला.

वेष्टणावरील नावे

भारतीय वादकांची नावे वेष्टणावर छापली गेली, ही त्या काळात लक्षणीय गोष्ट होती. 'सार्जंट पेपर'च्या तुलनेत हे पाऊल पुढचे होते आणि हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांशी तुलना केली तर ते अधिकच ठळक दिसते, कारण तेथे संगीतकार, गीतकार आणि गायक यांच्यापलीकडे वादकांची नावे क्वचितच येत. मात्र रोमन लिपीत छापताना नावांची बरीच मोडतोड झाली. शिवकुमार शर्मा यांच्या आडनावाला शेवटी एक 'र' चिकटला. विनायक यांचे 'विनाईक' झाले. सनईवादक शरद आणि हनुमान यांचे आडनाव 'जदेव' असे छापले गेले. मराठी वाचकाला त्यामागे 'जाधव' हे आडनाव दिसते. परदेशी पुस्तकांत आणि सूचींत मात्र ते आजतागायत 'जदेव' असेच उतरवले जाते.

याचे परिणाम केवळ शुद्धलेखनापुरते नाहीत. शिवकुमार शर्मा किंवा आशिष खाँ यांच्यासारख्या, पुढे कीर्ती मिळवलेल्या कलावंतांची ओळख चुकीच्या अक्षरांतूनही पटते. ज्यांची स्वतंत्र ध्वनिमुद्रणे थोडी आहेत, त्या वादकांसाठी हे नावच एकमेव दुवा असते. शोध घेणाऱ्याने 'जदेव' शोधले तर त्याला दुसरे काही सापडत नाही, आणि 'जाधव' शोधले तर तो या तबकडीपर्यंत पोहोचत नाही.

माहितीपटांतील चित्रण

एखाद्या रॉक समूहाचा अल्बम कसा घडतो, हे पडद्यावर पाहण्यासाठी आज सर्वांत विस्तृत साधन म्हणजे पीटर जॅक्सन दिग्दर्शित 'द बीटल्स: गेट बॅक'. तीन भागांचा आणि पावणेआठ तासांहून अधिक लांबीचा हा माहितीपट २५ ते २७ नोव्हेंबर २०२१ या दिवसांत डिस्ने प्लस या वाहिनीवर प्रदर्शित झाला. त्यासाठी मायकेल लिंडसे-हॉग यांनी जानेवारी १९६९ मध्ये केलेले सुमारे ६० तासांचे चित्रीकरण आणि १५० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण वापरण्यात आले. चित्रीकरणाच्या वेळी संभाषणे छोट्या ध्वनिमुद्रक यंत्रांवर सतत टिपली जात होती. गिटारच्या आवाजाखाली दबलेले बोलणे जॅक्सन यांच्या चमूने संगणकीय तंत्राने वेगळे काढले. त्यामुळे कोण कोणाला काय म्हणाले, कोणती ओळ कोणी सुचवली, चहा केव्हा आला, हेही कळते. मॅकार्टनी यांनी नुसते छेडता छेडता 'गेट बॅक' हे गीत काही मिनिटांत आकाराला आणल्याचे दृश्य यातील सर्वांत गाजलेले आहे. याच सामग्रीवरून बनलेला लिंडसे-हॉग यांचा ८० मिनिटांचा 'लेट इट बी' समूह फुटल्यानंतर लगेच, मे १९७० मध्ये प्रदर्शित झाल्यामुळे दीर्घकाळ केवळ फुटीचा चित्रपट म्हणून पाहिला गेला. २०२४ मध्ये तो पुन्हा उपलब्ध झाला.

मुंबईतील कामाच्या संदर्भात 'गेट बॅक' पाहण्यासारखा आहे तो हॅरिसन यांच्यामुळे. या चित्रणात ते आपली नवी गीते पुढे करतात आणि त्यांना पुरेसा वेळ मिळत नाही. 'ऑल थिंग्ज मस्ट पास'सारख्या गीताचा सराव होतो, पण ते बाजूला पडते. मॅकार्टनी यांच्या सूचनांना कंटाळून तुम्ही सांगाल तसे वाजवतो किंवा वाजवतच नाही, अशा आशयाचे उत्तर ते देतात, आणि १० जानेवारी १९६९ रोजी समूह सोडून निघून जातात. काही दिवसांनी ते परतले. बरोबर एक वर्षापूर्वी, त्याच आठवड्यात, फोर्टमधील खोलीत काय वाजवायचे, किती वेळ आणि कोणी, हे तेच ठरवत होते. हा योगायोग माहितीपटात कोठेही सांगितलेला नाही; पण तो ठाऊक असला की हॅरिसन यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा वेगळा दिसू लागतो.

याच माहितीपटात भारताचा उल्लेखही येतो. ऋषिकेशच्या मुक्कामात स्वतःच चित्रित केलेली चित्रफीत आदल्या रात्री पाहिल्याचे मॅकार्टनी सांगतात आणि तेथे आपण आपल्यासारखे वागत नव्हतो, असे मत मांडतात. स्वतःला ओळखणे हाच तर तेथे जाण्याचा हेतू होता, असे उत्तर हॅरिसन देतात. संभाषण थोडक्यात संपते. चौघांपैकी भारत कोणाला किती लागला होता, हे समजण्यास ते पुरेसे आहे.

बीटल्स आणि भारत या विषयावर दोन माहितीपट जवळपास एकाच सुमारास आले. पॉल सॉल्ट्झमन यांचा 'मीटिंग द बीटल्स इन इंडिया' (२०२०) हा ऋषिकेशच्या आश्रमातील त्यांच्या स्वतःच्या अनुभवावर आधारलेला आहे. अजय बोस व पीटर कॉम्प्टन यांचा 'द बीटल्स अँड इंडिया' (२०२१) हा बोस यांच्याच पुस्तकावरून बनवला असून त्याचा पट अधिक मोठा आहे. भारतातील प्रत्यक्षदर्शींच्या मुलाखती हे त्याचे बळ होय. त्याच्यासोबत भारतीय कलावंतांनी गायिलेल्या व वाजवलेल्या बीटल्सच्या गीतांचा एक संच प्रसिद्ध झाला. त्यात 'द इनर लाइट' अनुष्का शंकर आणि कर्श काळे यांनी सादर केले आहे. दोन्ही माहितीपटांचा ओढा साहजिकच ऋषिकेशकडे आहे, कारण आश्रमातील छायाचित्रे आणि चित्रफिती विपुल आहेत. फोर्टमधील कचेऱ्यांवरच्या खोलीत गंगा नव्हती आणि वार्ताहरही नव्हते. वास्तविक संगीताच्या दृष्टीने पाहिले तर ऋषिकेशला गीते लिहिली गेली, आणि भारतीय वाद्यांचे काम मुंबईत झाले.

नंतरच्या घडामोडी

मुंबईत जुळलेले काही संबंध टिकले. रविशंकर यांनी १९७४ मध्ये हॅरिसन यांच्या सहकार्याने युरोपात 'म्युझिक फेस्टिव्हल फ्रॉम इंडिया' हा कार्यक्रम केला. त्यातील वादकांत शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि रिजराम देसाड हे होते. त्याचे ध्वनिमुद्रण हॅरिसन यांच्या निवासस्थानी झाले. शर्मा आणि चौरसिया यांनी पुढे 'शिव-हरी' या नावाने 'सिलसिला' (१९८१) आदी हिंदी चित्रपटांना संगीत दिले. आशिष खाँ यांनी अमेरिकेत दीर्घकाळ अध्यापन केले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. शंभू दास कॅनडात स्थायिक झाले.

मुंबईत येऊन स्थानिक वादकांसह काम करणारे हॅरिसन हे एकटेच नव्हेत. लेड झेपलिन या समूहाचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये येथील वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' व 'फोर स्टिक्स' या आपल्या गीतांची नवी रूपे मुद्रित केली. ती अधिकृतपणे प्रकाशित व्हायला २०१५ साल उजाडले. 'कोडा' या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत ती 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' या नावाखाली ऐकता येतात.